गालाची साक्ष

मठाच्या बेटावर, उत्तरेकडच्या खडकांत, कातड्याची एक होडी येऊन अडकली. वल्हं नव्हतं, शीड नव्हतं, माणूस नव्हतं. तळाशी भाकरीएवढा एक चपटा दगड होता. मठकऱ्यांनी होडी फाडून जोड्यांना ठिगळं लावली आणि दगड चीज दाबायला ठेवला. चांगला जड होता.

*

ओढ्यात मासे पोट वर करून तरंगत होते. वरच्या अंगाला ठेचलेली झुडपं पोत्यात घालून बुडवली होती. पाण्यावर ताकासारखा पांढुरका तवंग. माणसं गुडघाभर पाण्यात उभी राहून टोपल्या भरत होती.

*

राजा डाव्या हाताने जेवला. कोणी काही म्हटलं नाही.

*

एका म्हाताऱ्याने जवाची दारू पोकळ काडीने ओढून प्यायली आणि घोंगडीचं टोक पुन्हा नाकापर्यंत घेतलं.

*

दुसरा एक म्हातारा रोज सकाळी बादलीतल्या पाण्यात आपले गाल बघत असे. आधी डावा, मग उजवा. बायको होती तोवर ती हसायची. म्हणायची, "नवरीसुद्धा इतकं बघत नाही हो."

गाल

सुगीच्या जत्रेच्या दुसऱ्या सकाळी राजा आर्टगाल घराबाहेर आला तो उजव्या गालावर फोड घेऊन. पाणी भरणारी बाई घागर टाकून पळाली. दुपारपर्यंत डोंगरापलीकडच्या गुराख्यांनाही बातमी लागली होती.

व्यंग असलेला राजा गादीवर बसत नाही. बसला तर गाई आटतात, कणसं पोचट राहतात, लढाईत पाठ दाखवावी लागते. आणि राजाच्या चेहऱ्यावर फोड उठतात ते कवीच्या निंदेने. यात विचारण्यासारखं काही नव्हतं. तरी न्याय करायला न्यायाधीश लागतो, म्हणून ब्रेसलला बोलावणं गेलं.

कुंपणाच्या दारातच केल्लाख उभा होता, राजाचा चुलतभाऊ. गादी आता त्याच्याकडे जायची होती.

"या, ब्रेसलबाबा. लांब जायला नको. पोरगी कबूल झालीय."

"कुठली पोरगी?"

"लासर. फोरानन कवीची शिष्या. काल टेकडीवरच्या काटेझाडाखाली एका पायावर उभी होती, एक डोळा मिटून, ओठ हलवत. निम्म्या जत्रेने बघितलं."

"आधी धरणं धरलं होतं का तिने?"

"नाही ना. तेच तर."

ब्रेसलला नियम पाठ होता. राजाची निंदा करण्याचा कवीला हक्क आहे, पण आधी राजाच्या दाराशी उपाशी धरणं धरायचं, राजाला भरपाई द्यायची संधी द्यायची. तसं न करता निंदा केली, तर वल्ह्याशिवायच्या होडीत बसवून ओहोटीबरोबर सोडून द्यायचं. रक्त कोणी सांडत नाही. पुढचं समुद्र बघतो.

"घाई झालेली दिसते तुला, केल्लाख."

"गादी रिकामी आहे, बाबा. रिकाम्या जागी कावळे बसतात."

"एक येऊन बसलेलाच दिसतोय," ब्रेसल म्हणाला आणि आत गेला.

त्याला एकच गोष्ट खटकत होती. निंदेचे फोड चेहराभर उठतात असं ऐकलं होतं. हे एकाच गालावर कसे? पण ऐकलं होतं एवढंच. फोड प्रत्यक्ष पाहिले होते ते आयुष्यात एकदा, आणि तेही राजाच्या गालावर नाही. न्यायाधीशाने खोटा निकाल दिला तर त्याच्या गालावर फोड येतात. ब्रेसल शिकत होता तेव्हा त्याच्या गुरूने एका विधवेच्या जमिनीचा निकाल तिच्या दिराच्या बाजूने दिला होता. सकाळी गुरूचे दोन्ही गाल उठले. गुरूने सगळ्यांदेखत निकाल फिरवला, जमीन बाईला दिली, आणि गाल बरे झाले. ब्रेसलने हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पुढचं सगळं आयुष्य त्याने त्या गालांवर उभं केलं होतं.

तळहात

राजा अंधारात बसला होता. गालावर ओलं फडकं, उजवा हात घोंगडीत.

"बस. आणि तोंड तसं करू नकोस. मेलो नाही मी अजून."

"पोरीचा तुझ्यावर राग का?"

"तिचा भाऊ. फिनान." राजाने फडकं उलटं केलं. "ओलीस होता माझ्याकडे. त्याच्या लोकांनी करार मोडला. ओलीस असतो कशासाठी? फाशी दिला. मला आवडायचा रे तो पोरगा. कुत्री त्याच्याच मागे हिंडायची."

"काल तुझ्या तोंडाला कोणाकोणाचा हात लागला?"

"हे काय विचारणं?"

"म्हातारपणी माणूस काहीही विचारतो."

"न्हाव्याचा. दोन्ही गाल तासले, दोन्हींवर एकच फडकं फिरवलं. केल्लाखने मिठी मारली, माशांचा वास घेऊन आला होता. मानेत हात घातला. मग फोराननने माझ्या स्तुतीचं कवन केलं होतं ते म्हटलं गेलं, आणि थोरला कवी घेतो तसं त्याने गालाचं चुंबन घेतलं. मग ऊन, दारू, शर्यती. झालं."

"उजवा हात दाखव."

"कशाला?"

"तू डाव्या हाताने जेवतोस. सगळ्यांनी पाहिलं आणि सगळे गप्प बसले. मला गप्प बसायला आता वेळ नाही."

राजाने हात बाहेर काढला. तळहातभर फोड होते.

निंदा तोंडावर उठते. तळहातावर उठलेली कोणी ऐकली नव्हती.

"हे कसे आले, आर्टगाल?"

राजाने हात परत झाकला. त्याची गादी गेली होती; पण या प्रश्नावर तो जसा ओशाळला तसा गादी गेल्यावरही ओशाळला नव्हता. "ते विचारू नकोस," तो म्हणाला.

दगड

कवींच्या अंधारघराला खिडकी नाही. कवी तिथे उताणे पडून, पोटावर दगड ठेवून, कवन जुळवतात. लासरला तिथेच कोंडलं होतं. दार उघडलं तेव्हा ती तशीच पडलेली होती.

"दार लावा, काका. उजेडात मला सुचत नाही."

"अजून काय सुचायचं राहिलंय? जे केलंस ते पुरे नाही झालं?"

ती हसली. ब्रेसल चाचपडत भिंतीला टेकून बसला.

"धरणं का धरलं नाहीस, पोरी? रीतीने गेली असतीस तर तुझ्या केसाला कोणी हात लावला नसता."

"धरणं धरलं असतं तर त्याने गाई देऊ केल्या असत्या. आणि मला त्या घ्याव्या लागल्या असत्या. गाई घेऊन काय करू? गाय मला ताई म्हणणार आहे?"

"कवन म्हणून दाखव."

"ते एकदाच म्हणायचं असतं. पण एक सांगते. शेवटची ओळ जुळली ना, तेव्हा हा दगड हलका झाला. पिसासारखा. तेव्हाच कळलं, हे लागणार." तिचा आवाज अंधारात अगदी सुखी वाटत होता. "फिनानला न्यायला आले तेव्हा मी ओरडले होते. कोणी वळूनसुद्धा पाहिलं नाही. आता माझे शब्द राजाच्या गालावर आहेत. रोज हात लागेल त्याचा."

ब्रेसलला तळहात आठवला.

ओढा

केल्लाख ओढ्यावर मासे वेचून घेत होता. भावी राजाला हे शोभत नाही असं त्याला कोणीतरी सांगायला हवं होतं.

"चिकाचं झुडूप फार वापरता तुम्ही," ब्रेसल म्हणाला.

"त्याच्यासारखं काही नाही, बाबा. ठेचून पोतं बुडवलं की मासे आपणहून वर येतात, पाहुण्यांसारखे."

"हात दाखव."

केल्लाखच्या बोटांची सालं निघाली होती.

"चरबी फासतो आधी, पण चरबी अर्धीच पुरते. चीक लागला आणि ऊन लागलं की दुसऱ्या दिवशी फोड..." तो थांबला. मूर्ख नव्हता तो. "बाबा, काय म्हणायचंय तुम्हाला?"

"तू राजाच्या मानेत हात घातला होतास."

"मग?"

"त्याची मान स्वच्छ आहे. हे करणारा तू नाहीस." ब्रेसलने टोपलीतला एक मासा उचलून परत टाकला. "झुडपं कमी दिसतात यंदा."

"अंधारघराच्या बाजूची जत्रेआधीच कोणीतरी कापून नेली. मला वाटलं, मठवाले. चामखिळीवर गुण येतो म्हणतात त्याने."

मठवाले इकडे येत नसत. अजून नाही. सुगीनंतर यायचे होते; राजाने त्यांना अंधारघर आणि त्याभोवतीचं शेत देऊ केलं होतं, पोरांना अक्षरं शिकवायला.

अंधारघराच्या बाजूला फक्त कवी राहत.

ओठ

थोरला कवी फोरानन स्वतः कधी कवन म्हणत नसे. म्हणणारा वेगळा असतो. त्याचा म्हणणारा क्रोनान. पण आज क्रोनान साधं बोलणंही त्याच्या वतीने बोलत होता.

"थोरले कवी शोकात आहेत. शिष्येने रीत मोडली. त्यांनी तोंड झाकून मौन घेतलंय."

फोरानन कोपऱ्यात बसला होता, घोंगडी नाकापर्यंत. समोर दारूचा पेला, पेल्यात पोकळ काडी.

"शोकात दारू काडीने पितात?" ब्रेसलने विचारलं.

"कवींच्या रीती कवींना ठाऊक."

"क्रोनान, तुझा आवाज गोड आहे, पण जा, शेळीचं दूध पिऊन ये."

क्रोनानने फोराननकडे पाहिलं. म्हाताऱ्याने मान हलवली. तो गेला.

ब्रेसल उठला. लहानपणी हे दोघे एकाच डबक्यात बेडूक धरत. त्याने दोन बोटांनी घोंगडीचं टोक खाली ओढलं.

फोराननचे ओठ सोललेले, सुजलेले होते. मिशीखाली फोडांची रांग.

जीभ

"मिशीला चीक लावलास," ब्रेसल म्हणाला. "ओठांना चरबी. चरबी अर्धीच पुरली."

फोरानन बोलला तेव्हा शब्द गिळल्यासारखे येत होते. "तळहात बघितलास तर."

"त्याने तुझं चुंबन पुसलं. थोरल्या कवीचं चुंबन पुसणारा राजा. गादीपेक्षा त्याला याची लाज जास्त, म्हणून हात लपवला. न्हाव्याचं फडकं दोन्ही गालांवर फिरलं, केल्लाखचा हात मानेवर होता. एकाच गालाला लागलं ते एकच. तू."

"पुसलं म्हणजे..." फोराननला यातना होत होत्या, तरी तो हसल्यासारखा झाला. "मला वाटलंच. पहिल्यापासून हलकट."

"का केलंस?"

"अंधारघर जायचं होतं. पोरं मठात कोकराच्या कातड्यावर अक्षरं गिरवणार. कवींना भितं कोण आता? मला वाटलं, एकदा एक फोड उठला की आणखी दोन पिढ्या निघतील." त्याने काडी ओठाशी नेली आणि ठेवली. "आणि पोरगी. तिच्यासारखी मी कधी शिकवली नाही, ब्रेसल. ती अंधारघरात निंदा जुळवत पडलीय हे कळलं तेव्हा म्हटलं, हिचं कवन वाया जायला नको. धरणं धरलंय म्हणाली मला. खोटं बोलली. मी राजाच्या दाराशी जाऊन बघितलं नाही."

"हे तुला सुचलं कसं?"

"सुचलं नाही. सांगितलं होतं. माझ्या गुरूने मरताना, कानात. त्याला त्याच्या गुरूने."

बाहेर शेळी ओरडली. क्रोनान तिच्याशी गोड आवाजात भांडत होता.

"म्हणजे कवनाने कधीच..."

"कधीच."

"कोणाच्याच?"

"राजे इतके सोपे असते, तर आम्हाला चीक कशाला लागला असता?"

ब्रेसलने नकळत स्वतःच्या गालावर हात ठेवला. "आणि न्यायाधीशांचे गाल?"

"ते तुमच्या घरातलं," फोरानन म्हणाला. "मला कसं ठाऊक?"

मग फोरानन म्हणाला, "तू सभेत सांग. मी नाकारणार नाही. फक्त आधी तिला विचार."

कान

ब्रेसलने सगळं सांगितलं. अंधारात तिचा चेहरा दिसत नव्हता, एवढं बरं होतं.

लासरने मध्ये एकच प्रश्न विचारला. "गुरुजींचे ओठ फार दुखतात?"

"खूप."

"बरं." मग दगड बाजूला ठेवल्याचा आवाज आला. "तुम्ही हे सभेत सांगितलंत तर मी कोण उरते, काका? काटेझाडाखाली एका पायावर उभी राहिलेली बाई. जत्रेत अस्वल नाचतं तसं."

"जिवंत उरतेस."

"फिनान मेलेलाच राहतो. आणि त्याच्यासाठी कोणी काहीच केलं नाही, असं होतं. नका सांगू. हे माझं आहे. एवढंच आहे."

"मी खोटा निकाल देऊ शकत नाही, पोरी. माझ्या गालावर..."

तो बोलता बोलता थांबला. आणि त्याला एकदम वाट दिसली, इतकी सरळ, की आधी कशी दिसली नाही याचंच नवल वाटलं. निकाल द्यायचा, तिच्याविरुद्ध. खोटा. मग त्याला बोलावं लागणारच नाही. गाल बोलेल. सगळ्यांदेखत फोड उठतील, निकाल फिरेल, होडी थांबेल. चीक, चुंबन, काहीच सांगावं लागणार नाही. पोरगी जगेल आणि तिचं कवनही. शब्दाला ताकद आहे हे पुन्हा एकदा सगळे बघतील. फोरानन बघेल.

"ठीक आहे," तो म्हणाला. "नाही सांगत."

"शपथ?"

"निकाल होईपर्यंत शपथ."

पुन्हा गाल

सभा किनाऱ्यावरच्या माळावर भरली. ब्रेसलने निकाल दिला: निंदा बेकायदा, होडी, उद्या सकाळची ओहोटी. आवाज कापला नाही. "आजच का नको?" केल्लाखने विचारलं. "माझ्या गुरूने मला रात्रभर थांबायला शिकवलंय," ब्रेसल म्हणाला, आणि ते खरंच होतं.

सकाळी तो बादलीपाशी गेला. डावा गाल. उजवा गाल. पाणी हललं म्हणून थांबला, पुन्हा पाहिलं. गालावर सुरकुत्या होत्या, पांढरी खुंटं होती. बोटाने चाचपलं. नखाने ओरखडलं. शेजारणीला बोलावून विचारलं, "काही दिसतंय?" ती म्हणाली, "झोप झालेली दिसत नाही, बाबा. ओटची लापशी देऊ का?"

तो किनाऱ्यावर पोचला तेव्हा होडी पाण्यात ढकलली होती. लासर आत बसली होती, दगड मांडीवर. तो तिने मागून घेतला होता. कोणाची हरकत नव्हती.

"थांबा," ब्रेसल म्हणाला. कोणी ऐकलं नाही. मग तो ओरडला. सगळे वळले. त्याने सांगितलं: चिकाचं झुडूप, मिशी, चुंबन, तळहात. भराभर सांगितलं, पाण्याकडे बघत. निकाल खोटा होता. मी खोटा निकाल दिला.

माणसांत कुजबुज झाली. केल्लाख जवळ आला आणि त्याने ब्रेसलची हनुवटी धरली, हळूच, बापाची धरावी तशी. त्याचा चेहरा एका बाजूला वळवला, मग दुसऱ्या.

"बघा रे सगळ्यांनी," तो म्हणाला. "गाल बघा. निकाल खोटा असता तर?"

सगळ्यांनी पाहिलं. एका म्हातारीने डोळे बारीक करून जवळून पाहिलं आणि समाधानाने मान हलवली.

"आर्टगालचा तळहात बघा," ब्रेसल म्हणाला.

"आर्टगाल पहाटेच डोंगरापलीकडे गेला. मामाकडे."

"फोरानन. तू बोल."

फोरानन गर्दीच्या कडेला उभा होता, घोंगडी नाकापर्यंत. त्याने होडीकडे पाहिलं. लासरने मान हलवली. नाही. मग त्याने क्रोनानच्या कानात काही सांगितलं, आणि क्रोनान त्याच्या गोड, सगळीकडे पोचणाऱ्या आवाजात म्हणाला, "थोरले कवी म्हणतात, कवन लागलं. असं कवन त्यांनी ऐकलं नाही."

"बाबांना घरी न्या," केल्लाख म्हणाला. "वय झालंय. पोरीची दया आली त्यांना. चांगले आहेत."

दोघांनी ब्रेसलला काखेत हात घालून धरलं. होडीला ओहोटीची ओढ लागली होती. लासर होडीत आडवी झाली, उताणी, आणि तिने दगड पोटावर ठेवला. काठावरून फक्त तिचे गुडघे दिसत होते, मग तेही नाही. केल्लाखने त्या दिवशी माणसांना मासे वाटले. आणि ब्रेसल उन्हात, सूर्याकडे गाल करून, संध्याकाळपर्यंत बसून राहिला.

ज्या दिवशी ब्रेसलच्या गुरूने विधवेविरुद्ध निकाल दिला, त्या दुपारी गुरू ओढ्यावर मासे धरायला गेला होता. चिकाची झुडपं त्याने स्वतःच ठेचली होती, आणि ऊन होतं, म्हणून मधूनमधून हातानेच तोंडावरचा घाम पुसत होता.